समोरचीचं ताट

हल्ली मला दुपारी झोप येत नाही, आणि जागं राहण्याचंही त्राण नसतं. अक्का खाटेवर पडलेली असते, मी शेजारी खुर्चीत. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही, तिचे यजमान गेले, मुलगा बंगळुरात नोकरीला. म्हणून गेली नऊ वर्षं आम्ही दोघीच म्हैसुरात, मंडी मोहल्ल्यातल्या याच घरात राहतो. लहानपणही इथेच गेलं. सात महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, चालणं गेलं, आणि त्याबरोबर तिचं कन्नडही गेलं.

जिने टेलिफोनच्या खात्यात सगळी नोकरी कन्नडमध्ये केली, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी कन्नडमध्येच भांडली, तिला आता त्यातलं एक वाक्य कळत नाही. उरली आहे ती आमची घरातली मराठी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून ही भाषा आम्ही चार भिंतींच्या आत सांभाळली. तिच्यात इतकं कन्नड मिसळलंय की पुण्याचे पाहुणे ती ऐकताना हसू दाबून बसतात. अक्काचा मुलगा फोनवर "आई, जेवलीस?" एवढं विचारतो आणि त्याची मराठी संपते. म्हणजे अक्का काय म्हणते ते कळणारी या घरात, या गल्लीत मी एकटीच.

दिवसा सांभाळायला बाई ठेवली आहे. चांगली आहे, पण तिला कन्नडशिवाय काही येत नाही. तिच्यासाठी मी चाळीस शब्दांची यादी करून भिंतीला चिकटवली. मराठी शब्द कन्नड अक्षरांत, समोर अर्थ. पाणी, कूस, पांघरूण, लघवी. अक्का इतकी वाईट आहे की त्या यादीतला एकही शब्द वापरत नाही. तिला तहान लागली की ती म्हणते, "घसा वाळला की गं." बाई बिचारी यादीत घसा शोधत बसते.

त्यात माझ्या पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, चार दिवस इस्पितळात राहावं लागेल. तीन वेळा तारीख घेतली आणि तीन वेळा फिरवली. मी चार दिवस नसले तर अक्काचं काय दुखतंय ते कुणाला कळणार? शेवटी डॉक्टर माझ्यावर खेकसले. मीही त्यांच्यावर खेकसले. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर माणसाला खेकसता येतंच.

अशा दुपारी मग डोकं मागे जातं. आवडीने जातं असं नाही, बसायला दुसरीकडे जागा नसते म्हणून जातं.

आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या रामनवमीपासून सुरू व्हायच्या. त्या दिवशी घरोघरी गुळाचं पानक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर वाटत. आम्ही तीन मुली पेले घेऊन गल्लीतलं एकही दार सोडत नसू. मी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी अक्का, आणि समोरची. समोरच्या घरात राहायची म्हणून आई तिला समोरची म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. ती माझ्याच वयाची. तिची आई ती पाच वर्षांची असताना वारली होती. वडील रेल्वेच्या कारखान्यात, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. जाताना भात आणि सार झाकून ठेवायचे. ते गार अन्न एकटीने काय खायचं, म्हणून आईने तिला दुपारी आमच्याकडे जेवायला बोलावलं, आणि ते रोजचंच झालं. आमचे अप्पा कचेरीत असायचे. स्वयंपाकघरात चार ताटं मांडली जायची. आईची, अक्काची, माझी, समोरचीची.

सकाळी उन्हं तापायच्या आत आम्ही बन्नीमंटपाच्या मैदानावर जायचो. दसऱ्याला तिथे पाय ठेवायला जागा नसते, उन्हाळ्यात मात्र सगळं मैदान आमचं. आम्ही घोडेस्वार व्हायचो. आमच्या पूर्वजांचे घोडे, म्हणून अक्का आणि मी पुढे, आणि समोरची मागून पायी येणारी फौज. तिने कधी तक्रार केली नाही. परत येताना एका जुन्या बंगल्याच्या आवारातल्या चिंचा पाडायच्या. तिथला माळी काठी घेऊन धावायचा. एकदा अक्काच्या परकराचा अर्धा घेर त्या कुंपणावर राहिला. घरी आल्यावर आईने आधी अक्काला मारलं, मग चिंचा आमटीसाठी ठेवून घेतल्या.

दुपारी मागच्या अंगणात खेळ चालायचे. लगोरी, लपाछपी, आणि चौकोन आखून एका पायावर खेळायचं कुंटेबिल्ले. अक्काकडे आणि माझ्याकडे एक हत्यार होतं, ते म्हणजे आमची मराठी. गल्लीत ती कुणालाच येत नव्हती. समोरचीवर राज्य आलं की मी हौदामागून मोठ्याने सांगायचे, "अक्का, ती पेरूकडे बघतेय, तू न्हाणीकडनं ये!" आणि अक्का धप्पा द्यायची. समोरची दर वेळी फसायची. तिला काही कळत नाही याची आम्हांला एवढी खात्री होती की तिच्या तोंडावर तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचो. आमची वेणी चांगली की तिची, तिच्या झग्याला ठिगळ किती. ती आमच्याकडे बघून हसायची आणि आम्ही अजून हसायचो.

आता हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा वाटत नव्हती.

मी दहा वर्षांची होते त्या सुट्टीतली गोष्ट. आमची आत्या सरगूरला राहायची, तिथे कपिला नदी. दर वर्षी आम्ही आठ दिवस जायचो. त्या वर्षी आईने समोरचीलाही न्यायचं ठरवलं. तिने तोवर नदी पाहिली नव्हती. महिनाभर ती दुसरं काही बोलतच नव्हती. नदीत पाय टाकला की मासे चावतात का, पाणी खरंच चालत असतं का, बसमध्ये खिडकीपाशी कोण बसणार. मला तिचा कंटाळा यायला लागला. शिवाय आत्या माझी, नदी माझी, आणि आई मात्र तिच्या वेण्या घालत सांगत होती की तू खिडकीपाशी बस.

एका दुपारी आईने मागच्या दारातून हाक मारली. तिची हाक रोज एकच असायची, "आधी हात धुवा, वाढते!" त्याच क्षणी समोरची आमच्या अंगणात शिरली. मी अक्काला म्हटलं, हसत हसत, तिच्याकडेच बघत, "आली बघ, जेवणाची वेळ साधून. रोज फुकटचं गिळायला बरं वाटतं."

अक्का फसकन हसली. समोरचीही हसली. मग तिने आईला आत जाऊन सांगितलं, "ऊटा आय्तु." जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी ऊटा आय्तु. तिसऱ्या दिवशी ऊटा आय्तु. खेळायला यायची, पण जेवणाच्या वेळी घरी निघून जायची. सरगूरला जायच्या दिवशी सकाळी ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली की अप्पांना बरं नाही, मी येत नाही. तिचे अप्पा अर्ध्या तासापूर्वी शिट्टी वाजवत कामावर गेलेले मी पाहिले होते. मला तिचा भयंकर राग आला. एवढी मिजास कसली, असं म्हणत मी बसच्या खिडकीपाशी बसले. त्या वर्षी नदीत काही मजा आली नाही. कारण मात्र मी शोधलं नाही. दुसऱ्यांची गणितं तपासायची मला सवय आहे, स्वतःचं हे एवढं सोपं गणित मी साठ वर्षं सोडवलं नाही.

पुढे तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. मैत्री तुटली असंही नाही, हळूहळू विरली. तिचं लग्न कुणाशी झालं हेसुद्धा मला ऐकून कळलं.

गेल्या महिन्यात ती आली. आमच्या गल्लीतल्या फुलवालीने तिला अक्काबद्दल सांगितलं होतं. दारात पांढऱ्या केसांची, चांगली अंगाने भरलेली बाई. मी ओळखलं ते तिच्या हसण्यावरून. आम्ही कन्नडमध्ये बोललो, नेहमीसारखंच. तिला सरगूरलाच दिलं होतं. जी नदी पाहायला ती आमच्याबरोबर आली नाही, तिच्याच काठी तिचा सगळा संसार झाला. आता यजमान गेल्यावर ती बन्नीमंटपाजवळ मुलाकडे राहते. मी माझं रडगाणं सांगितलं. खडे, इस्पितळ, फिरवलेल्या तारखा, भिंतीवरची यादी. ती उठून यादी वाचायला लागली. मला वाटलं, उगाच वाचतेय.

तेवढ्यात अक्का खाटेवरून पुटपुटली, "ते दार लोट गं थोडं, डोळ्यात ऊन येतंय."

मी गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत समोरचीने दार लोटलं होतं.

अक्काने तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "ही कोण?"

"मी गं अक्का," समोरची म्हणाली. "समोरची. तुझा परकर फाटला तेव्हा कुंपणातनं मीच तुला सोडवलं की."

आमच्या मराठीत. तोच हेल, शेवटचा तोच 'की', आईचे शब्द जसेच्या तसे. अक्का हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिचं अर्धं तोंड वर गेलेलं मी पाहिलं. दोघी बोलायला लागल्या आणि मी ऐकत उभी राहिले.

"तुला कधीपासून येतं हे?" मी विचारलं. विचारलं कन्नडमध्ये. जीभ वळलीच नाही.

"पहिल्यापासून," तीही कन्नडमध्ये म्हणाली. "घरी माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. तुझी आई दिवसभर बोलायची. कानावर पडलं, राहिलं."

"मग धप्पा का खायचीस?"

"मला कळतं हे कळलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर बोलणं बंद केलं असतं. मला ऐकायला आवडायचं."

गल्लीतल्या सगळ्यांची भाषा आम्ही शिकलो होतो. आमची कुणी शिकत असेल हे आमच्या डोक्यातही आलं नाही. पाच वर्षं जी आमच्या चुलीपाशी बसली तिला बहिरी समजण्याइतक्या आम्ही शहाण्या होतो. आणि मग मला ते फुकटचं गिळण्याचं वाक्य आठवलं.

घड्याळात एक वाजला होता. मी म्हटलं, जेवून जा. ती पटकन म्हणाली, "ऊटा आय्तु."

सकाळी साडेदहाला आली होती ती. कधी जेवली असणार?

मी खाली बसले. तिला सांगितलं की मी काय बोलले होते ते मला आठवतंय, आणि मला माफ कर. चांगली वाक्यं सुचली नाहीत. ती हात झटकत म्हणाली, "सोड, तू दहा वर्षांची होतीस." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुझा राग नव्हता मला. एवढंच वाटायचं, पोरगी बोलली म्हणजे घरात कुणीतरी बोलत असणार. तुझ्या आईलाही तसंच वाटत असेल का? तेवढं मात्र मनातून कधी गेलं नाही."

इतकी वर्षं तिने हे बाळगलं होतं. आणि उत्तर माझ्याकडे होतं, फुकट पडलेलं.

मी तिला सांगितलं. त्या सुट्टीभर आई रोज चार ताटं मांडत होती. आम्ही म्हणायचो, ती येत नाही, कशाला मांडतेस? आई म्हणायची, असू दे, आज येईल. आमचं जेवण संपेपर्यंत चौथं ताट तसंच राहायचं. मग आई ते उचलायची आणि मला विचारायची, "तू काही बोललीस का गं तिला?" मी नाही म्हणायचे. शाळा सुरू झाल्यावर आईने ते ताट मांडणं बंद केलं, पण चिंचेची आमटी केली की तिचं नाव निघायचंच.

समोरचीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. अक्का खाटेवरून म्हणाली, "का रडतेय ती?" आणि मी म्हटलं, "भूक लागलीय तिला."

मग तीच म्हणाली, इस्पितळाची तारीख घे, चार दिवस मी इथे राहते. सरळ सांगितलं तिने, जणू दळण आणून देते म्हणावं तसं. मी भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मागे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच, तिला कळावं म्हणून, मी तिच्याशी आमच्या भाषेत बोलले.

"आधी हात धू. वाढते."

ती उठली आणि मागच्या अंगणातल्या नळाकडे गेली.