वरचा पापुद्रा

वर्ध्याच्या कृषी महाविद्यालयात झाडे सर पहिल्यांदा भेटले, तेव्हा नाव विचारायच्या आधी "हात दाखव" म्हणाले. "नखं लय साफ हायेत. कोणाची पोरगी?" देवळीच्या कापडदुकानदाराची, असं सांगितल्यावर म्हणाले, "मंग ठीक हाय. शिकशीन."

सर मृदाशास्त्र शिकवायचे, वर्गात कमी आणि शेतात जास्त. साठी जवळ आलेली, तरी बांधावर चपला काढून खड्डा स्वतःच खणायचे. माझ्या हातात कुदळ दिली की शेजारी उकिडवे बसून राहायचे, आणि नमुना घ्यायच्या आधी त्यांचं पालुपद ठरलेलं: "वरचा पापुद्रा खरवडून फेक. खरी माती खाली राह्यते." एम.एस्सी. होईपर्यंत मी हे इतक्यांदा ऐकलं की हात आपोआप खरवडू लागला.

राजस्थानातल्या एका संस्थेत वाळवंटी मातीवर पीएच.डी.ची जागा निघाल्याचं सरांनीच सांगितलं. आई म्हणाली, "रेतीत कायची माती?" तर सर घरी येऊन बसले. "ताई, कापसाच्या मातीवर इथं जो तो लिहून राह्यला. हिले जाऊ द्या."

जागा एकच होती, आणि महिनाभर काम पाहून निवड व्हायची होती. पहिल्याच सकाळी दहा नमुने आणायला सांगितले. मी इमानेइतबारे दहाही ठिकाणी वरचा थर खरवडून फेकला आणि खालची माती पिशव्यांत भरली. तिथल्या मार्गदर्शक मॅडम पिशव्यांकडे पाहतच राहिल्या. तो करडा थर जिवंत होता, शेवाळानं धरलेला. त्याच्यामुळंच वाळू जागेवर राहते, आणि मोडला की भरून यायला वर्षं लागतात. त्यांचं सगळं संशोधन त्याच्यावरच होतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला कुठं ठाऊक? "उद्या बोलू," एवढंच त्या म्हणाल्या.

मी रडत सरांना फोन केला. वाटलं, धीर देतील. त्यांनी आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुई चूक नाई. मी शिकवलं तसंच तू केलं. मी कदी वाळवंट पाह्यलंच नाई, पोरी."

सकाळी मॅडमना सरांचा चार ओळींचा मेल आलेला होता: खरवडायला मी शिकवलं, दोष माझा आहे. आणि तो थर कसा असतो, ते जमल्यास मलाही कळवावं. मॅडमनी तो मला वाचायला दिला. "त्यांना तूच कळव," म्हणाल्या, आणि पुन्हा नमुने घ्यायला स्वतः सोबत आल्या. महिनाअखेर जागा मला मिळाली. सरांना मी दर रविवारी लिहायची, आणि त्यांच्या शंका सोमवारी हजर असायच्या.

डिसेंबरात घरी आले, तेव्हा सरांनी मला वर्गावर बोलायला उभं केलं आणि स्वतः वही उघडून मागच्या बाकावर बसले. माझं बोलणं संपताच त्यांनी हात वर केला.

"आपल्या काळ्या मातीवर असा थर असन काय, मॅडम?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगितलं.

"मले बी नाई माईत," सर म्हणाले. "तीस वर्षं फेकूनच देल्ला ना."

पोरं हसली, सरही हसले. मला मात्र हसता आलं नाही. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.