जबाबदार व्यक्तीचं नाव

३० एप्रिल, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सावद्याला भावाच्या घरी पोळ्या चालल्या होत्या. वहिनी हातावर पोळी मोठी करून खापरावर टाकत होती, मी जाळ सांभाळत उतरवत होते. हे एकटीचं काम नाही, म्हणून दरवर्षी मी जळगावहून आदल्या दिवशीच जाते. यंदा पर्समध्ये एक कागदही होता.

त्यावर मी लिहिलं होतं, की मी बरी होण्यासारखी राहिले नाही तर श्वासाची नळी, मशीन काही लावू नये. दुखणं कमी करायची औषधं द्यावीत आणि घरी ठेवावं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूल नाही. मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीनं कोण बोलेल, त्या ओळीत भावाचं नाव घातलं होतं. त्याची सही हवी होती.

हे आईमुळे सुचलं. दोन वर्षांपूर्वी ती जळगावला तेरा दिवस आयसीयूत होती. नळी ओढू नये म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. डॉक्टरांनी विचारलं, यांची स्वतःची काय इच्छा होती? आईच्या चहात साखर किती, हे भावाला आणि मला माहीत होतं. हे नव्हतं.

आखाजीला आमच्याकडे घागर भरतात आणि घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. भावानं पाच बोटं उमटवली, शेवटचं आईचं. मला वाटलं, मरणाचं नाव निघालंच आहे, तर बोलायला आजचा दिवस बरा. हा अंदाज साफ चुकला.

कागद वाचून त्यानं तो पाटावर उलटा ठेवला.

"अक्का, सणाच्या दिवशी असं अभद्र कायले बोलते?"

"आत्ता तूच पाच जणांची नावं घेतली."

"ते गेलेले आहेत. तू जिवंत आहे."

"म्हणून तर आज मागतेय. गेल्यावर मागायला येणार नाही."

वहिनीनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. भाऊ हसला नाही.

"उद्या मी मशीन लावू नका म्हटलं, तर गाव काय म्हणीन? भावानं बहिणीले मारलं. मी केळीची बाग विकीन, पण ही सही करणार नाही."

तो खरंच विकेल. मला भीती त्याचीच आहे.

दुपारी भांडी घासताना वहिनीनं हळूच विचारलं, "अक्का, त्या नळीनं लई दुखते का हो?"

"आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं."

तिनं परात दोनदा विसळली. "मग माझंबी लिहून द्या. मले नका लावू ते. जबाबदार म्हणून तुमचं नाव टाका. हे तुमचं ऐकतात."

"ऐकतात, ते दिसलंच सकाळी. बरं, लिहिते. माझ्या कागदावर तू सही करशील?"

"यांनी नाही म्हटल्यावर मी कशी करू?"

भाजीत मीठ आधीच घातलंय, असं सांगावं तशी ती बोलली. मला राग आला नाही. परात पुसून फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वहिनीचा कागद लिहिला, माझं नाव घातलं, तिनं सही करून तो साड्यांखाली ठेवला. पहिल्या बसनं जळगावला आले. सुट्टी होती, पण माझ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उघडा होता. तिथल्या बाकावर बसून मी भावाचं नाव खोडलं. माझा नंबर येईपर्यंत, दुसरं कुणाचं घालावं याचा विचार केला. मग ती ओळ रिकामी ठेवून तसाच कागद बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "फाइलला लावून ठेवा. विचारायला कोणी नसेल, तेव्हा हे वाचा."