जांभळा डबा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, रंग हा गाईच्या दुधाइतका पातळ असावा. म्हशीच्या नव्हे. या सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यास एअरब्रशची सुई तुंबेल, डब्यावर शेंगाचटणीसारखे खरबरीत दाणे उठतील आणि होणाऱ्या नुकसानीस प्रस्तुत लेखक जबाबदार राहणार नाही. सूचना काढणारे गृहस्थही जबाबदारी घ्यायला आता हजर नाहीत.

हे गृहस्थ माझ्या दुकानात यायचे. सोलापुरात रेल्वे लाइन्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले पेंटर. कुर्डुवाडीला खरे डबे रंगवण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर ते घराच्या गच्चीवरच्या खोलीत वीतभर लांबीचे डबे रंगवू लागले. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा आणायचा, कापायचा, जोडायचा, खिडक्या कोरायच्या आणि मग पेनाएवढ्या एअरब्रशनं रंग फवारायचा.

"पूर्वी एका डब्याला चार बादल्या लागायच्या," ते सांगत. "आता चार थेंब. पन चुकायला जागा तेवढीच हाय."

आम्ही त्यांना पेंटरकाका म्हणायचो. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला स्वस्थ बसता येत नाही. मी स्टूल पुढे केलं की ते स्टुलाला हात लावून उभे राहत. टर्पेंटाइनची बाटली घेत, तिच्यावरचं बारीक अक्षर वाचत, पायरी उतरत, पुन्हा चढत. "ओला रंग, हात लावू नये" ही पाटी त्यांना आमंत्रणपत्रिका वाटायची. आमच्या शेजारच्या शिंप्यानं शटर रंगवलं, तर सकाळी त्यावर काकांच्या अंगठ्याचा ठसा. "वाळलं का?" हा त्यांचा दिवसातून पन्नास वेळा विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तराची वाट न बघता अंगठा पुढे. स्वतःच्या डब्यांचीही त्यांनी गय केली नाही. दाराशेजारी कुठंतरी ठसा असायचाच.

"काका, अर्धा तास थांबा की."

"अर्धा तास रंग थांबतोय. मी न्हाय."

गच्चीवरचा त्यांचा कारखाना बघण्यासारखा होता. हवेचा दाब द्यायला मोडक्या फ्रीजचा काढलेला कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की खालून काकूंचा आवाज यायचा, "फ्रीज मरून सात वर्सं झाली, आवाज काय जात न्हाय घरातनं." फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि तिच्या पुढ्यात वाळत घातलेले डबे. घरात बाकी जे काही रंगवण्याजोगं होतं ते सगळं विटकरी: ट्रंक विटकरी, पाट विटकरी, खिडकीचे गज विटकरी. तरुणपणी रेल्वेच्या बादलीच्या तळाशी उरलेला रंग काकांनी वाया जाऊ दिला नव्हता.

ते इवल्या पेल्यात रंग घेत, थेंब थेंब टर्पेंटाइन घालत आणि पेला कलता करत. रंग पेल्याच्या भिंतीवरून ओघळताना मागे जाड साय राहिली तर "म्हैस". पातळ पडदा सोडून सरकला तर "गाय". सोलापूरच्या उन्हाळ्यात हे गणितही बिघडायचं. ब्रशच्या टोकापासून डब्यापर्यंतच्या चार बोटांच्या प्रवासात रंग हवेतच वाळायचा आणि डब्यावर भुकटी बसायची. म्हणून मे महिन्यात गाय आणखी पातळ, आणि काम पहाटे.

एकदा मी बोलण्याच्या नादात टर्पेंटाइनऐवजी त्यांना लाकडाच्या पॉलिशला लागतो तो जहाल थिनर दिला. संध्याकाळी काका डबा घेऊन आले. त्याचं छप्पर उन्हात ठेवलेल्या पापडासारखं वळलं होतं.

"शेठ," ते म्हणाले, "डब्याला घाम फुटलाय. पॅसेंजरला काय सांगू?"

तर, त्यांना आठ डब्यांची जुनी पॅसेंजर करायची होती. निवृत्त रेल्वेवाल्यांचा मेळावा व्हायचा होता, आणि तिथं टेबलावर रूळ मांडून ती पळवायची होती. जुन्या डब्यांचा तो विटकरी रंग आता कुठल्याच गाडीवर नाही. मी म्हटलं, फोटो शोधून देतो. काकांनी हात झटकला.

"फोटू खोटं बोलतंय. रंग हितं हाय." त्यांनी छातीला हात लावला नाही. डोळ्याला बोट लावलं.

पाच डबे झाले. सुरेख झाले. सहावा आला, तेव्हा मला वाटलं दुकानातल्या ट्यूबलाइटचा दोष असेल. सातवा मी बाहेर उन्हात नेऊन पाहिला. आठवा आला तो सरळ जांभळा होता. पिकलेल्या जांभळाचा रंग, वर किंचित तुकतुकी.

"तू नाटक्या हायस," काका म्हणाले, कारण मी हौशी नाटकांतून कामं करतो हे सगळ्या पेठेला सहन करावं लागतं. "पन खरं सांग. इटकरीच हाय न्हवं?"

आता इथं एक सांगायला हवं. आदल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "पेंटरचा हात हालला तर चालतंय, फवारा सांबाळून घेतो. डोळ्यातला रंग गेला की मग त्याला पेंटर कशाला म्हनायचं?"

मी डबा उजेडात धरला. एक डोळा मिटला. नाकानं खोल श्वास घेतला. "काका," मी म्हणालो, "रंग बघून इंजिनाच्या धुराचा वास आला."

ते इतके खूश झाले की पूर्ण दोन मिनिटं स्टुलावर बसले. घरी जाऊन त्यांनी काकूंनाही विचारलं म्हणे. काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं, "मला काय कळतंय रंगातलं," आणि त्या कांदा चिरायला लागायच्या.

मग उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. काळा चष्मा लावून काका दुकानात आले, तो काढला आणि आधी डावा, मग उजवा, पुन्हा डावा, असे डोळे मिटू लागले. भिंतीचा रंग निवडायला आलेल्या एक बाई माझ्याकडे रागानं बघू लागल्या. मी त्यांना घाईघाईनं क्रीम रंगाकडे वळवलं.

काकांनी पिशवीतून आठवा डबा काढून काउंटरवर ठेवला. उजवा डोळा मिटला.

"इटकरी."

डावा मिटला.

"जांभूळ."

पुन्हा उजवा. पुन्हा डावा. एवढं सावकाश काही करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग तो नवा, लख्ख डोळा माझ्यावर आला.

"तुला जांभळाच दिसत हुता?"

"हो," मी म्हणालो.

"कवापास्नं?"

"सहाव्या डब्यापासून."

"आन धूर?"

"धूर नव्हता, काका."

त्यांनी मान हलवली, डबा पिशवीत टाकला आणि टर्पेंटाइन न घेताच गेले.

चार दिवस आले नाहीत. त्या चार दिवसांत मीच दुकानाची पायरी चढत-उतरत होतो. पाचव्या दिवशी शटर अर्धं ओढून मी त्यांच्या घरी गेलो. गच्चीवर लोणच्याच्या बरणीत, ब्रेक ऑइलमध्ये सहावा आणि सातवा डबा बुडवून ठेवले होते. जुना रंग सुटत होता. काका टूथब्रशनं खिडक्या घासत होते.

"माजी बरनी गेली ती गेलीच," जिन्यातून काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मेळावा आट दिसावर हाय," ते म्हणाले. "डावा डोळा खोटं बोलतोय. उजवा नवा हाय, त्याला काय बी ठावं न्हाय. मला रंग आठवतोय, पन कुटल्या डोळ्याचा आठवतोय ते कळंना. पयले पाच तरी खरे कशावरनं?"

एवढ्या वर्षांत ज्या माणसानं नमुना कधी हातात धरला नाही, तो नमुना मागत होता. तो माझ्याकडे नव्हता. काकू खाली गेल्या आणि ट्रंक ओढत ओढत वर घेऊन आल्या. साड्या बाजूला सारून त्यांनी झाकण उघडलं. बाहेरचा रंग कधीच फिका पडला होता, पण झाकणाच्या आतला, ऊन न लागलेला, जसाच्या तसा होता. लग्नाच्या वर्षी मारलेला. पहिले पाच डबे आम्ही एकेक करून झाकणाला लावून पाहिले. पाचही पास.

काका खाली बसले. आपण होऊन, स्टूल नसताना.

"माजं दोन डोळं दोन रंग दावत्यात. आता डोळा तुजा," ते मला म्हणाले. "खोटं बोललास तर टर्पेंटाइन पाजीन."

पुढच्या तीन पहाटे मी गच्चीवर होतो. काका रंग मिसळायचे, प्लॅस्टिकच्या चमच्यावर फवारायचे आणि चमचा झाकणापाशी धरायचे.

"बोल."

"जांभळट."

"आता?"

"अजून. पिवळा कमी पडतोय."

"आता तरी?"

"आता वांगं झालं, काका."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात कठीण भूमिका होती ती. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरायचा आणि प्रत्येक वेळी मला धुराचा वास आठवायचा. एकोणीस चमचे फुकट गेले. विसावा मी झाकणावर ठेवला आणि तो दिसेनासाच झाला. काकांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि पेल्यात टर्पेंटाइनचा एक थेंब सोडला.

"गाय," ते म्हणाले, आणि कॉम्प्रेसर सुरू केला. फवारा डब्याच्या आधी सुरू करायचे आणि डबा संपल्यावर बंद. हात रुळावरून चालल्यासारखा सरळ.

आठवा डबा मात्र त्यांनी बरणीत घातला नाही. माझ्या हातात दिला. "ह्यो काउंटरवर ठेवायचा. कुनी रंग इचारला तर खरा सांगायचा." तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं, आणि मी शपथेवर साक्ष दिल्यासारखा म्हणतो, "जांभळा, साहेब."

मेळाव्यात सात डब्यांची गाडी धावली. एक निवृत्त गार्ड शेवटच्या डब्यापाशी वाकला, आणि त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला, शिटी शोधत. काका टेबलाच्या मागे या पायावरून त्या पायावर होत होते. गाडी थांबताच त्यांचा अंगठा पुढे आला.

"काका, वाळलंय," मी म्हणालो.

"तुजा काय भरोसा," ते म्हणाले, आणि हात लावून बघितलंच.

पावसाळ्यात ते गेले. डाव्या डोळ्याची तारीख मिळाली होती. झोपेत गेले असं लोक म्हणाले, तेव्हा मला आधी नवलच वाटलं की ते इतका वेळ झोपले.

महिन्याभरानं काकू दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत टर्पेंटाइनच्या अर्ध्या बाटल्या. "घरात वास ऱ्हातोय," त्या म्हणाल्या. "तुमी वापरा." मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि त्यांची नजर काउंटरवरच्या डब्यावर गेली. त्यांनी तो उचलला, उजेडात फिरवला. दाराशेजारी काकांचा ठसा होता. काकूंनी त्यावर आपला अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला.

मी मनात तयारी केली. आता त्या रडतील, मी पाणी आणीन, काहीतरी बरं बोलीन. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

काकूंनी डबा छातीशी धरला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आवं, मला तर ह्योच आवडायचा की. आयुष्यभर घरात नुसतं इटकरी बघून डोळं इटलं हुतं, म्हनून तर मी जांभळा झाला तरी कवा बोलले न्हाय."