आत्याचा उजवा डोळा

आत्याला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा तिचा डावा डोळा बराचसा गेलेला होता. राहिला उजवा. शिरूर तालुक्यातल्या आपल्या गावी ती एकटी राहते, सोबतीला दोन शेळ्या. ते तसंच चालू राहायचं तर हा डोळा टिकायला हवा होता. दर तीन महिन्यांनी ती आमच्याकडे दौंडला यायची आणि मी रजा टाकून तिला रेल्वेने पुण्याला तपासायला न्यायचो. डोळ्यातला दाब वीसच्या आत हवा; तिचा सोळाच्या आसपास असायचा. कुरकुंभच्या कंपनीत माझं कामच मोजमापाचं. सोळा ऐकलं की मला बरं वाटायचं.

लॉकडाऊन लागला. रेल्वे बंद, रस्त्यावर पोलीस, दवाखान्यात फक्त तातडीचे पेशंट. मी रोज फोन करायचो.

"थेंब घालतेस ना?"

"घालते की, सकाळ-संध्याकाळ. डोळा कसा गार पडतो!"

यात खोटं काही नव्हतं. पुढे वाट मोकळी झाल्यावर पुण्याला गेलो, तर दाब चौतीस. डॉक्टरीणबाईंनी बाटली बघायला मागितली. आत्याने काढून दिली ती आमची बाटलीच नव्हती. आपले थेंब संपल्यावर तिने शेजारणीकडून आणले होते, विरजण उसनं आणावं तसे. शेजारणीचे ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले. तेही संपल्यावर मेडिकलमधून तसलीच बाटली कुणाकरवी मागवली होती.

"यात स्टिरॉइड आहे," बाई म्हणाल्या. "मोतीबिंदूनंतर ते लागतं. तुमच्या डोळ्याला त्यानेच दाब चढतो."

"पर थेंब ते थेंबच न्हाई का?"

"मग ताकालाही दूधच म्हणा, मावशी."

आत्या हसली. मला हसू आलं नाही.

ते थेंब बंद केले, जुने सुरू केले, वर आणखी एक औषध दिलं. तरी दाब सव्वीसच्या खाली येईना. बाईंनी ऑपरेशन सांगितलं. बाहेरची बाकं भरलेली होती. तिकडे बघत त्या म्हणाल्या, "यांतल्या बऱ्याच जणांना मी थेंबांवरच सांभाळलं असतं. मधे कुणाला येताच आलं नाही. आता येतात ते थेट ऑपरेशनलाच."

मग त्यांनी समजावलं: डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वरच्या पापणीखाली बारीक वाट करायची.

"म्हंजी तळ्याला सांडवा काढायचा," आत्या म्हणाली.

"अगदी तसंच. पण गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची."

ऑपरेशननंतर ती आमच्याकडेच राहिली. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आळीतले लोक केळी घेऊन भेटायला येत. ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदूचं, पट्टी सुटली की लख्ख दिसणार, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

"आता झकास दिसत असंल, आत्याबाई?"

"न्हाई. हुतं तेवढंच."

"आं? मग कशापायी केलं?"

"हुतं तेवढं ऱ्हावं म्हणून!"

शेजारच्या आप्पांना ते पटेना. त्यांनी बोटं नाचवली. "सांगा, किती?"

"दोन. आन् नखं काढा की जरा, आप्पा."

पुढच्या तपासणीत दाब बारा निघाला, त्यानंतर तेरा. घरी येताना मी तेच घोकत होतो.

"आकडा ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," आत्या म्हणाली. "मला घरी कवा सोडतो ते बोल."

बाईंनी परवानगी दिल्यावर एका रविवारी मित्राची गाडी घेऊन तिला गावी सोडलं. शेळ्या कोणाकडे तरी होत्या, त्या तिने स्वतः जाऊन आणल्या. मी दोर धरायला गेलो तर म्हणाली, "तू बस गुमान." धूर नको म्हणून आता गॅस घेतलाय. भाकरी तव्यावर टाकून तिने मान जराशी डावीकडे वळवली, उजव्या डोळ्याने कडा न्याहाळली आणि वेळेवर उलटली. भाकरी टम्म फुगली. मी दोन खाल्ल्या. तिसरी तिने न विचारता ताटात टाकली.