उत्तमभाऊंनी मागितलेली एक ओळ

उत्तमभाऊ कामाला आले की आधी भिंती पाहत नसत, माणसे पाहत. घरातले सगळ्यात थकलेले माणूस कोणते, हे विचारून घेत. त्याला खाटेवरून उठवत, डोळे मिटायला लावत आणि दारापर्यंत चालायला सांगत. स्वतः एक पाऊल मागे, दोन्ही हात पसरून, नुकत्याच चालू लागलेल्या बाळामागे असावे तसे. चालता चालता त्या माणसाचा हात आधारासाठी भिंतीवर जिथे पहिल्यांदा टेके, तिथे ते खडूने फुली मारत. विजेचे बटन तिथेच बसायचे. नकाशा आणि घरमालकाची हौस, दोन्ही त्या फुलीनंतर.

यवतमाळच्या आमच्या कॉलनीतली बरीच घरे त्यांच्या हातच्या तारांवर उजळत होती. सकाळच्या बसने ते बाभुळगावहून येत. अंगाला तापलेल्या तांब्याचा आणि लवंगेचा मिसळून वास. बोटांची टोके सालपटासारखी राठ. पण तारेवरचे प्लास्टिक सोलताना तीच बोटे अशी हलकी होत, की मला मोगऱ्याची कळी उकलणारी बोटे आठवत. बोलणे थोडे. "घरातल्या सगळ्यात कमजोर हाताले जमलं, थेच खरं फिटिंग," हे त्यांचे आवडते वाक्य. काम बिघडले आणि कुणी कंपनीला दोष देऊ लागले, की म्हणत, "तार खोटं बोलत नाही, मॅडम. जोडणारा बोलते."

मी महाविद्यालयात कविता शिकवते. खडू माझ्याही हातात असतो. पण उत्तमभाऊंचा खडू मला गमतीचा वाटे. नव्या उपकरणांसोबत येणारे इंग्रजी माहितीपत्रक ते चष्मा लावून, एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचायचे. ते पाहून मी आणि माझे पती एकमेकांकडे बघून हसलो होतो. ते हसू त्यांनी पाहिले होते की नाही, मला ठाऊक नाही. पाहिले असणार. माणसे पाहणे हाच त्यांचा धंदा होता.

सासूबाईंना काचबिंदू झाला आणि त्यांची नजर आकसत आकसत बांगडीएवढ्या वर्तुळात आली. त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचा बोळ बिनखिडकीचा. भर दुपारीही तिथे माठाच्या पोटातला अंधार. मी ठरवले, छताच्या खाचेतून एलईडी पट्टी फिरवायची. सकाळी केशरी, दुपारी दुधी, सांजेला मधाचा रंग. मनात मी त्या बोळाची कविता केव्हाच लिहून टाकली होती.

उत्तमभाऊंनी पट्टी ओट्यावर उलगडली आणि ती चालवण्याचे सगळे मार्ग माझ्यासमोर मांडले. रिमोट स्वस्त, पण तो गादीखाली हरवतो आणि आईंना त्यावरची बटने दिसणार नाहीत. ब्लूटूथचा मोबाइल घराबाहेर गेला की संपले. वायफाय सगळ्यांत चांगले, रंग बदलतील, बोलून लागेल, वेळा लावता येतील. मात्र लाइन गेली की राउटर बंद पडतो, तेव्हा पट्टीसोबत तोही इन्व्हर्टरवर घ्यावा. त्यांना सगळे ठाऊक होते. माझ्यापेक्षा जास्त. शेवटी त्यांनी एवढेच सांगितले, "कायनंही चालवा, मॅडम. पण भिंतीवर एक बटन असू द्या. माय कायले मोबाइल शोधन?"

आईंना चालवून त्यांनी फुली मारलीही होती. बोळाच्या मध्यावर, कमरेहून थोडी वर.

मला मात्र ती भिंत कोरी हवी होती. आणि राउटर माझ्या अभ्यासिकेत, पुस्तकांच्या कपाटावर; तिथवर इन्व्हर्टरची तार ओढली असती तर ती पांढऱ्या रंगावरून सापासारखी दिसली असती. मी दोन्हींना नाही म्हटले. त्यांनी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या सुरात म्हणाले, "भाऊ, जमाना बदलला. आता बटनं कुणी दाबत नाही." त्यांनी ओल्या फडक्याने फुली पुसली. पट्टी तेवढी त्यांनी इन्व्हर्टरवर घेतली.

काही महिने तो बोळ माझ्या कवितेसारखा वागला. आई हुकूम ऐकून पट्टी लावणाऱ्या बोलक्या डबीला "उजेड कर व बाई" म्हणत. तिला ते उमगत नसे आणि मी आईंना तिची भाषा शिकवी. पाहुणे आले की मी रंग बदलून दाखवी.

मग एप्रिलमधली एक दुपार. मी महाविद्यालयात होते, मोबाइल माझ्या पर्समध्ये. घरी आई एकट्या. लाइन गेली. पट्टीला इन्व्हर्टरचा प्रवाह होता, पण ती बंद होती, आणि तिला 'लाग' म्हणणारा राउटर मेला होता. बोलकी डबीही मुकी. आईंनी दोन-तीनदा हाक मारली, मग भिंतीला धरून निघाल्या. त्यांनी नंतर सांगितले, बोळाच्या मध्यावर त्यांचा हात आपसूक बटन शोधू लागला. गुळगुळीत भिंतीवर काहीच लागेना म्हणून त्या पुढे वाकल्या आणि पडल्या. उजवे मनगट मोडले.

दवाखान्यातून परतल्यावर, हातांना अजून स्पिरिटचा वास येत असताना, मी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप समूहावर एक संदेश लिहिला. समूहात सगळे रहिवासी होते आणि सोयीसाठी घेतलेले गवंडी, नळवाले, उत्तमभाऊही. मी लिहिले: 'ज्या हातांवर आपण घरातला उजेड सोपवतो, त्या हातांनी अंधाराचीही जबाबदारी घ्यायला हवी. उत्तमभाऊंनी केलेल्या जोडणीमुळे आज माझ्या वृद्ध सासूबाई अंधारात कोसळल्या.' शब्द अनायास आले. लय साधली होती. लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि दोघा-तिघांनी तर लिहिण्याचे कौतुकही केले. मला ते कौतुक गोड लागले, हे इथे लिहिताना कानशिले तापतात.

दोन दिवसांनी उत्तमभाऊ आले. वाद नाही, खुलासा नाही. आधी आईंपाशी जाऊन बसले, प्लास्टरखालची बोटे हलतात का पाहिले. मग बोळात जाऊन भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक केली. एका जागी आवाज पोकळ आला. तिथला रंग त्यांनी करवतीच्या पात्याने हलकेच कापला. आत बटनाची पेटी होती, आणि तिच्यात गुंडाळून ठेवलेल्या दोन तारा.

"उद्या तुमचं मन बदललं तर भिंत फोडा लागू नये, म्हणून ठेवली होती," ते म्हणाले.

वीस मिनिटांत बटन बसले. मोबाइलचा आदेश असो वा नसो, ते दाबले की पट्टी लागे. आईंनी डावा हात पुढे केला आणि तो न चाचपडता तिथेच पडला. बोळ उजळला. आई मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "सून शिकलेली हाय माही, उत्तमराव. पण तुमी सांगून राह्यले होते थे तिनं काही आयकलं नाही."

"जाऊ द्या, माय," ते म्हणाले. पायरीवर चपला घालताना मात्र थांबले. माझ्याकडे न पाहता बोलले, "मॅडम, ग्रुपवर एक ओळ टाकून देजा. लोक बलावून नाही राह्यले मले."

मी म्हटले, "आजच टाकते."

त्या संध्याकाळी मी अकरा मसुदे केले. प्रत्येकात 'मी' आणि 'चूक' हे दोन शब्द शेजारी येऊ लागले की माझी बोटे थांबत. अखेर जे पाठवले ते असे: 'आमच्याकडील प्रकाशव्यवस्थेतील तांत्रिक अडचण आता दूर झाली आहे. सर्वांच्या आस्थेबद्दल आभार.' त्यात त्यांचे नाव नव्हते. दोषाचा मालक नव्हता. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आले, की चांगल्या ओळीत लपायला जागा नसते. ही ओळ मी केवळ लपण्यासाठी बांधली होती.

उत्तमभाऊंनी ती वाचली असणार. त्यांनी पुन्हा विचारले नाही. कॉलनीत ते क्वचित दिसू लागले, मग दिसेनासे झाले. बसस्थानकावर एकदा भेटले, तेव्हा त्यांनी आईंच्या मनगटाची चौकशी केली आणि बसमध्ये चढले. मी काही बोलले असते, पण बस सुटत होती, असे मी स्वतःला सांगितले. ती आणखी पाच मिनिटे उभी होती.

ते गेल्याचे कळले तेव्हा पऱ्हाटीला कापसाची बोंडे फुटली होती. हृदयविकार. मी बाभुळगावला गेले. दोन खोल्यांचे घर, बुद्धमूर्तीजवळ मेणबत्ती, ताज्या सारवणाचा गार वास. त्यांची मुलगी तिथल्याच शाळेत शिकवते. मी नाव सांगितल्यावर तिने मला आत, पंख्याखाली बसवले. म्हणाली, बाबांनी माझा तो पहिला संदेश तिला वाचून दाखवला होता. मी खाली पाहिले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "म्हणत होते, चुकीचं लिहिलं, पण काय लिहिते थ्या मॅडम. बेटा, तू अशी भाषा शिक."

मग तिने विचारले, त्यांच्या स्मरणार्थ कॉलनीच्या समूहावर चार शब्द मी लिहीन का. तिच्या ओळखीत एवढे चांगले लिहिणारे दुसरे कुणी नव्हते.

मी तिथेच, तिच्यासमोर लिहिले. 'उत्तमभाऊ वारले. माझ्या सासूबाई त्यांच्यामुळे पडल्या नव्हत्या. बटन नको, असे मी सांगितले होते. त्यांनी तीनदा समजावले. चूक माझी होती, आणि ती मी लपवली.' तिने वाचले. मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि चहा ठेवायला उठली. मी ते शब्द समूहावर पाठवले.

परतीच्या बसमध्ये आमच्या समोरच्या घरातल्या वहिनींचा फोन आला. समूहावरचा माझा संदेश त्यांनी नुकताच वाचला होता. त्या म्हणाल्या, "अवो, दिवाळीच्या आधी आलते उत्तमभाऊ, काम हाय का इचाराले. म्या फाटकातूनच वापस पाठवलं."