यादीतली तिसरी बाई

कडकताईच्या हातची इस्त्री म्हणजे काम चोख. बाहीची घडी अशी की बोट कापेल. नाव त्यावरनंच पडलं. इस्त्रीच्या टेबलामागं उभी राहून ती अख्ख्या गल्लीला फैलावर घ्यायची, आणि गल्लीही मुकाट ऐकायची. न ऐकून सांगतेय कुणाला? उद्याचा शर्ट तिच्याच ताब्यात.

जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा म्हणूनच मांडीवर घेतलं. शाळेनंही मुलांच्याच बाकावर बसवलं. बाई म्हणून जगायला लागली त्याला वीस वर्षं झाली आणि सरकारनं ओळखपत्रावर ‘स्त्री’ लिहून दिलं त्याला पाच. थोरल्या भावाची बायको तोवर तिला ‘भावजी’ म्हणायची. ओळखपत्र आलं त्या दिवशी वहिनीनं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाली, “घ्या वन्सं.” बाकी काही नाही. कडकताईनं त्या दिवशी लोकांच्या दोन कॉलरी जाळल्या.

गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास. त्यात बायकांच्या बाजूला दोन वर्षं कुलूप. दुरुस्ती म्हणे! दुरुस्ती करणारा मात्र कुणी पाहिलेला नाही. म्हाताऱ्या बायका चार गल्ल्या तुडवत दवाखान्याच्या संडासात जायच्या. कडकताईनं कचेरीत अकरा खेटे घातले. अकराव्या खेपेला शिपाई म्हणाला, “एवढी आग लागलीय तर निवडून या आणि उघडा.”

“येते,” ती म्हणाली. झालं.

वस्ती समितीच्या निवडणुकीचा नियम असा की सहा जणांची यादी द्यायची आणि त्यात तीन बायका हव्यातच. एक कमी पडली की अख्खी यादी बाद. गल्लीतल्या वायरमननं माणसं जमवली. त्याच्यासकट तिघं पुरुष, तिघी बायका, तिसरी कडकताई. कागदपत्रंही त्यानंच लावली. मागितले होते चार कागद, ह्या पठ्ठ्यानं लावले एकवीस. “फाईल जाड दिसली की साहेब टरकतो,” असं त्याचं गणित. त्यात त्यानं कडकताईचा शाळेचा जुना दाखलाही घातला. सातवीत वर्गात पहिली आली होती ना ती! उमेदवार शिकलेली आहे हे दिसू दे, एवढाच हेतू.

छाननीच्या दिवशी समोरच्या यादीच्या वकिलानं नेमका तोच कागद उचलला. “साहेब, ह्यात मुलाचं नाव आहे. लिंग, पुरुष. म्हणजे ह्यांच्या बायका दोनच.”

वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला.

“ओळखपत्र बघा की,” कडकताई म्हणाली. “सरकारनंच दिलंय. मी काय घरी छापलं?”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ओळखपत्राचा कायदा वेगळा, बाई. राखीव जागेसाठी स्त्री कुणाला म्हणायचं, हे निवडणुकीच्या कायद्यात लिहिलेलंच नाही. जिथं लिहिलं नाही तिथं जन्माची नोंद धरा, असं वरनं पत्र आलंय.”

वहिनी अर्जावर सूचक म्हणून सही करायला आली होती. वकील तिच्याकडं वळला. “तुम्ही घरच्या ना? ह्या तुमच्या कोण?”

वहिनी कचेरीत पहिल्यांदाच आलेली. पदर पिळून पिळून चुरगळलेला. पण बोलली ती स्पष्ट. “माझ्या वन्सं आहेत.”

“ते घरात हो.”

“मग काय रस्त्यावर नातं बदलू?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी घड्याळ दाखवलं. चारपर्यंत तिसरी बाई द्या, नाहीतर यादी गेली.

वायरमननं कडकताईला जिन्यात ओढलं. “ऐक. वहिनीला बायकांत घालू. मी उठतो, माझ्या जागी तू बस, पुरुषांत. एक सही फक्त. निवडून आलीस की कुलूप तूच तोड. लोक मत तुलाच देणार आहेत, कागदाला नाही.”

“पुरुष म्हणून सही करू?”

“पाच मिनिटांचं काम आहे गं. चूक माझी आहे, शिव्या घाल, कानाखाली दे. पण सही कर.”

ती कठड्याला धरून उभी राहिली. दवाखान्याकडं निघालेल्या म्हाताऱ्या तिला दिसत होत्या. वायरमन बरोबर बोलत होता, हेच जास्त टोचत होतं.

“नाही जमणार रे,” ती शेवटी म्हणाली. “उभी राहू शकते त्या यादीत. पण मग घरी परत कोण जाणार?”

वहिनीचा अर्ज दहा मिनिटांत भरून झाला. तिच्या जन्माची नोंद कुणी मागितली नाही. मग कडकताईनं माघारीचा फॉर्म घेतला. त्यातही एक रकाना होता, लिंग. कारकून म्हणाला, “रिकामा सोडू नका, नाहीतर अर्ज घेता येत नाही.” तिनं ठासून लिहिलं, स्त्री. साहेबांनी वाचलं, शिक्का मारला आणि पोच दिली.

“आता कसं चाललं?” तिनं विचारलं.

“माघार घेताना कुणी हरकत घेत नाही, बाई,” साहेब खाली बघत म्हणाले. मग त्यांनी पुढच्याला हाक मारली.