बाईंनी फूल तोडलं

बाईंना फुलांची दया नव्हती. ग्वाल्हेरच्या कॉलेजात पहिल्याच तासाला त्यांनी टपोरं जास्वंद ब्लेडनं उभं चिरलं आणि पुढच्या बाकावरून "हाय राम!" निघालं. "मराठी घरातल्या ना तुम्ही? मग मराठीत घाबरा," बाई म्हणाल्या. माझे वडील स्टेशनजवळच्या पडावावर रिक्षा चालवतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगते. पण त्या दिवशी घरी जाऊन आईला म्हटलं, आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई कसाई आहेत.

निवृत्त झाल्यावर बाई गोरखीतल्या घराच्या गच्चीवर एकट्या कुंड्यांत रमल्या. बियांची अदलाबदल करणाऱ्या कुठल्याशा मंडळाकडून त्यांना टपालानं एक पुडी आली. वर एवढंच लिहिलेलं: रानटी ग्लॅडिओलस. बाड्यावरच्या बाजारात गुच्छात मिळतो तो नव्हे, त्याचा रानातला भाऊबंद. जात कुठली, पत्ता नाही. ती ओळखायचीच, असं बाईंच्या मनानं घेतलं. "फूल आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही," हा त्यांचा कायदा. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. रविवारी गच्चीवर हजर असायचे.

दोन हिवाळे नुसती गवतासारखी पाती. शेजारच्या काकू कठड्यावरून विचारायच्या, "बाई, गाय कधी आणताय?" मार्चमध्ये पाती पिवळी पडली की बाई पाणीच बंद करायच्या. ग्वाल्हेरचं ऊन, आणि वर पाणी बंद! मी हबकले. "मर जाएगा ना, बाई!"

"झोपतंय ते. झोपलेल्याच्या तोंडात तू पाणी ओततेस का?"

दिवाळीच्या सुमारास खरंच त्याच कोरड्या मातीतून हिरवी टोकं वर यायची.

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस एकाच कुंडीत दांडा आला. त्यावर फिकट पिवळसर फुलं. मी मोबाइलनं फोटो काढून नाव शोधलं, तर त्यानं दर वेळी वेगळं नाव दिलं. "फोनला म्हणावं, आधी वास घेऊन दाखव," बाई म्हणाल्या. मी नाक लावलं. वास नव्हताच. बाईंनी बोटांनी दांडा बुडापर्यंत चाचपला आणि कात्रीनं कच्चकन कापला.

"बाई! ये क्या कर दिया!"

"मराठीत किंचाळ. झाडावर राहिलं तर आठवड्यात सुकेल. दाबून कागदावर लावलं तर तुझी नातवंडं बघतील. आता एक पान आडवं काप. काय दिसतं?"

"फुली. अधिकाच्या खुणेसारखी."

त्यांनी दुसरं पान चिमटीत धरून सावकाश फिरवलं. "चार खाचा. बरोबर. रंग सांग."

"समोर तर आहे, बाई."

"असेल."

मी त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"दिवाळीपासून काही दिसत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "लेकीला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी इंदूरला नेलं असतं. आणि हे मग कुणी ओळखलं असतं?"

गच्चीवर, जिन्यात, गॅसपाशी ही बाई सगळा हिवाळा नुसत्या सवयीवर वावरली होती, आणि मी समोर बसून चहा पीत होते.

फूल पेल्यात ठेवलं. दिवेलागण झाली आणि गच्चीवर लवंगेसारखा गोड वास दाटला. बाई हसल्या. "ग्लॅडिओलस ट्रिस्टिस. ट्रिस्टिस म्हणजे उदास. नाव ठेवणाऱ्यानं दुपारीच बघितलं असणार."

नमुना दाबून कागदावर लावतात तेव्हा खाली ओळखणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. मी बाईंचं लिहायला घेतलं, तर त्यांनी हात धरला. "ज्याच्या डोळ्यांनी बघितलं, त्याचं नाव. पूर्ण लिही, वडिलांचंही." मग स्वतःच फोन मागून लेकीला म्हणाल्या, "ये गं न्यायला."

कुंड्या आता आमच्या दारात आहेत. परवा पाती पिवळी पडली, मी पाणी बंद केलं. पप्पा लोटा भरून घेऊन आले. "बेटा, थोडं तर दे. अपने नाम का झाड आहे."

मी लोटा काढून घेतला. "राहू द्या, पप्पा. झोपतंय ते."